पंगत, खानावळ आणि खारजमीन

एकत्र जेवण्याविषयीचे मराठीतील शब्द मोजू लागलो, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतील बहुतेक शब्द अन्नाविषयी नाहीतच. ते माणसांच्या जागेविषयी आहेत. पंगत, पंक्तिपावन, पंक्तिबाह्य, पंक्तिप्रपंच, रोटीव्यवहार, वाळीत टाकणे, पानावरून उठवणे. ताटात काय वाढले आहे यापेक्षा ताट कोठे मांडले आहे, शेजारी कोण बसले आहे आणि बसलेल्याला उठवण्याचा अधिकार कोणाला आहे, याची नोंद आपल्या भाषेने अधिक काटेकोरपणे ठेवली आहे. याच्याच जोडीला शब्दांचा दुसरा एक गट आहे : अन्नाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे, मिंधे होणे. हे शब्द जेवणारा आणि जेवू घालणारा यांच्यातील ऋणाचे आहेत. पहिल्या गटाचा प्रश्न ‘कोण कोणाबरोबर जेवतो’ हा, तर दुसऱ्याचा ‘कोण कोणाचे खातो’ हा. महाराष्ट्रातील सुधारणेच्या इतिहासाने पहिल्या प्रश्नाशी दीर्घ झुंज घेतली. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वाशीसारख्या नव्या शहरात एखाद्या छोट्या खानावळीत होणारे ‘स्थानिक पदार्थांचे सामूहिक भोजन’ हा विषय वरवर हलकाफुलका वाटला, तरी या दोन्ही प्रश्नांची गाठ तेथे पडते, आणि म्हणून तो इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावा असा आहे.

प्रथम पहिल्या प्रश्नाचा मागोवा घेऊ. वारकरी परंपरेतील काला हे आपल्याकडील सहभोजनाचे बहुधा सर्वांत परिचित रूप. सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या, मग कोणाचे अन्न कोणते हे ओळखूच येऊ नये, ही त्यामागची कल्पना. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, ही महिपतींच्या चरित्रलेखनातून घराघरांत पोचलेली कथा याच धाग्यातली. परंतु काला हा उत्सवाचा क्षण होता. उत्सव सरला की गावातील पंगती पुन्हा आपापल्या जागी जात. भक्तीने जे क्षणापुरते मोडले, ते व्यवहारात मोडण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करताना सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज पावाचा तुकडा खाणे ही क्रांती होती असे सांगितले, तर वर्गातील विद्यार्थी हसतात. पण ती सभा गुप्तपणे चालत असे आणि १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे फुटण्याची वेळ येताच ती मोडली, हे सांगितल्यावर ते हसू थांबते.

पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाने हेच नाट्य उघड्यावर आणले. गोपाळराव जोशी यांनी मिशनच्या चहाला हजर राहिलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्या नावांत रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आयोग नेमला गेला, प्रायश्चित्ते घेतली गेली. यातला खरा बोध असा, की त्या काळी चहाचा पेला ओठाला लावणे ही खाजगी बाब नव्हती. तोंडात काय गेले, यावर समाजाचा ताबा होता.

विसाव्या शतकात या ताब्याविरुद्धचा लढा अनेक आघाड्यांवर लढला गेला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात शाहू महाराज उघडपणे चहा घेत, ही घटना या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा छत्रपती घेतात, एवढाच तिचा अर्थ नव्हे. राजाश्रयाने त्यांना नोकरी नव्हे, धंदा मिळाला; म्हणजे समाजाला ‘वाढणाऱ्या’ची जागा मिळाली, हा तिचा अधिक खोल अर्थ. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने १९३०च्या सुमारास सहभोजने झाली आणि सर्व हिंदूंसाठी खुले उपाहारगृहही निघाले. पण या सर्व प्रयत्नांची सर्वांत रोखठोक तपासणी केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी बजावले, की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही; ज्या जातींत एकत्र जेवण चालते, त्यांतही ती शिल्लक असतेच. एका पंगतीला बसणे हा समतेचा पुरावा मानता येत नाही, हे त्यांनी इतक्या स्वच्छपणे सांगितल्यावर सहभोजनाच्या कोणत्याही सोहळ्याकडे भाबडेपणाने पाहण्याची सोय उरलेली नाही.

सुधारकांची सहभोजने चालू असताना दुसरीकडे एक संस्था कोणताही जाहीरनामा न काढता हेच काम करत होती. ती म्हणजे शहरातील खानावळ आणि हॉटेल. आरंभी तेथेही जातीच्या पाट्या होत्याच. ‘ब्राह्मणांची खानावळ’ हे शब्द जुन्या मराठी लेखनात सहज भेटतात. परंतु शहराची गर्दी, घाई आणि पैशाचा व्यवहार यांपुढे त्या पाट्या हळूहळू निकामी झाल्या. बाकावर शेजारी येऊन बसलेल्या माणसाची जात विचारण्याइतका वेळ गिरणीच्या भोंग्याने कोणाला दिला नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांनी घरातच खानावळी चालवल्या. त्यांच्या श्रमाला संघटनेचे बळ दिले ते प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये उभारलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून त्या कामाची सुरुवात झाली, आणि पुढे या संस्थेचे एक मोठे केंद्र वाशीतच उभे राहिले. गिरणगाव मावळत होते आणि खाडीपलीकडे नवे शहर उगवत होते. या दोहोंमधला एक दुवा खानावळीचा आहे, हे वाशीचा इतिहास लिहिताना विसरता कामा नये.

या पार्श्वभूमीवर वाशीतील एका भोजनाकडे पाहू. गेल्या जानेवारीत आम्ही काही अध्यापक मंडळी तेथील एका लहानशा खानावळीत ‘आगरी जेवणाच्या पंगती’ला गेलो होतो. टेबले एकमेकांना जोडून लांब ओळ केली होती. आधी येईल तो आत सरकून बसेल, हाच नियम. आमच्या एका बाजूला मसाला बाजारात हिशेब लिहिणारे एक वयस्क गृहस्थ, दुसऱ्या बाजूला संगणक कंपनीत काम करणारे एक बंगाली जोडपे. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, आंबोशी घातलेले बोंबलाचे कालवण, चिंबोरीचा रस्सा, वालाचे बिरडे, भात. शेवटी सोलकढी आली. ती खरे तर दक्षिण कोकणची. पण ‘कोकणी जेवण’ म्हटले की शहरातील गिऱ्हाईक ती मागतेच, म्हणून ठेवावी लागते, असे मालकीणबाईंनी सांगितले. बाई वाशीगावच्याच. जेवण उत्तम होते आणि पंगतीत कोणी कोणाला काही विचारत नव्हते. परमहंस सभेने ज्यासाठी दारे लावून घेतली, ते येथे ट्यूबलाइटच्या उजेडात सहज चालले होते. आमच्यातील एकाने भाकरीचे कौतुक करत तांदूळ कुठला, असे विचारले. बाई म्हणाल्या, “तांदूल मार्केटातना आनलाय. आमचा शेत व्हता, तो सेक्टरान गेला.” तक्रारीचा सूर नव्हता, दुसऱ्याला भाकरी वाढता वाढता उच्चारलेले ते एक साधे विधान होते. पण आपण सुरुवातीला पाहिलेला दुसरा प्रश्न, म्हणजे कोण कोणाचे खातो हा, त्या एका वाक्यात उभा राहिला.

आता त्या शेताचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. आगरी हा शब्द आगर या शब्दाशी जोडला जातो. मिठाचे आगर, भाताचे आगर. ठाण्यापासून पनवेल, उरण, पेण, अलिबागपर्यंतच्या खाड्यांच्या काठी या समाजाने समुद्राशी वाटाघाटी करत जमीन मिळवली. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालायचे, पावसाचे गोडे पाणी साठले की उघाडीतून ओहोटीला ते बाहेर सोडायचे, दोन-तीन पावसाळ्यांत माती धुऊन तिचा खार कमी करायचा आणि मग भात लावायचा. ही खारजमीन. तेथे सामान्य भात तगत नाही; खार सोसणाऱ्या राता जातीच्या लाल तांदळासारखी देशी वाणे पिढ्यान्‌पिढ्या जपावी लागली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल’ या नावाने याच गुणाचे सुधारित वाणही काढले. उन्हाळ्यात मिठागरे, पावसाळ्यात भात, वर्षभर खाडीचे मासे, असा तो तिहेरी संसार होता.

या शेतीचा एक विशेष साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावा. खारजमिनीत एकट्याची शेती असूच शकत नाही. एका शेतकऱ्याच्या हद्दीत बांधाला खांड पडली, तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नासते. म्हणून बांध राखणे हे गावाचे सामाईक काम असे. भरतीच्या रात्री खांड बुजवायला सगळ्यांनी धावायचे. गावाची जत्रा, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजून केलेली पोपटी, ही सारी सामूहिक जेवणे या सामूहिक श्रमाच्या पायावर उभी होती. जो बांधावर होता, तो पंगतीला होता. पंगत हे त्या श्रमाचे दुसरे टोक होते. कोणाच्या औदार्याचा तेथे प्रश्नच नव्हता.

अर्थात या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे कारण नाही. त्या गावपंगतीलाही जातीच्या कडा होत्या. बायका रांधत, वाढत आणि शेवटी उरलेल्यात जेवत. शिवाय बांध ज्याच्या घामाने उभा राहिला, त्याच्या नावावर जमीन असेच असेही नव्हे. खोतांच्या आणि सावकारांच्या जमिनी कुळे म्हणून कसताना पिकाचा मोठा वाटा खंडात जाई. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसता संप केला. भारतातील प्रदीर्घ शेतकरी संपांपैकी तो एक. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. लाहोरच्या भाषणात सहभोजनाच्या मर्यादा सांगणारा आणि पुढच्याच वर्षी खोतीवर घाव घालणारा माणूस एकच आहे, ही गोष्ट येथे नुसती योगायोगाची मानू नये. ताटावरची समता आणि शेतावरची समता यांचा संबंध त्यांना दिसत होता.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणाऱ्या कुळाला मालक होण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली होती. तिच्यामागे प्रामाणिक विचार होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या विचाराच्या नकाशावर आलेली ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे म्हणजे रिकामी जागा नव्हती. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातील खाजगी जमिनी संपादित झाल्या. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल झाला, वाशी हा पहिला ‘नोड’ आकाराला आला, मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीत आले, १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली. आज देशभरचा तांदूळ, डाळ, मसाला, कांदा या बाजारातून मुंबईच्या ताटात जातो. ज्या भूमीत तांदूळ पिकत होता, तेथे तो विकला जाऊ लागला. ही वाशीच्या अर्धशतकाची एका ओळीतील कहाणी आहे.

ती कहाणी निमूटपणे घडली नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी केलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईजवळचा दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना १९९० मध्ये आली, ती या रक्ताच्या किमतीवर. तरी भूखंड म्हणजे शेत नव्हे. भूखंड विकता येतो, त्यावर इमारत बांधता येते. पण त्याला राखण्यासाठी गाव धावत जावे असा बांध नसतो. सामाईक श्रम संपला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली पंगत अधांतरी झाली.

या स्थित्यंतराचा ठसा भाषेवर कसा उमटला, हेही पाहण्याजोगे आहे. शेतकरी, मिठागरवाले, कोळी ही कामावरून पडलेली नावे मागे पडून ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव आले. म्हणजे माणसाची ओळख तो काय करतो यावरून नव्हे, तर त्याचे काय झाले यावरून ठरू लागली. त्याला उत्तर म्हणून ‘भूमिपुत्र’ हा शब्द अभिमानाने पुढे आला, पण तो नेमका भूमी गेल्यावर. वाढत्या कुटुंबांसाठी गावठाणाभोवती उभी राहिलेली घरे सरकारी कागदांत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ झाली. आणि वाशीगाव, जुहूगाव ही शहराहून कितीतरी जुनी गावे सेक्टरांच्या क्रमांकांमध्ये अडकून पडली. ‘स्थानिक’ हा शब्द या कुळातला अगदी अलीकडचा. गावात कोणी स्वतःच्या कालवणाला स्थानिक म्हणत नाही. ते स्थानिक ठरते ते बाहेरून आलेल्याच्या दृष्टीने, आणि बहुधा स्थान हातातून निसटल्यानंतर.

म्हणजे हे भोजन केवळ देखावा समजावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या अन्नाला वास येतो म्हणून सोसायटीतील शेजारी खिडक्या लावून घेतात, ते सुकट-बोंबील पैसे मोजून, बोटे चाटत खाल्ले जाणे ही लहान गोष्ट नाही. आगरी-कोळी महोत्सवांतून आणि अशा खानावळींतून एक बोली, एक मसाला, भाकरी थापण्याची एक रीत पुढच्या पिढीला प्रतिष्ठेसह मिळते. शिवाय येथे वाढणारी बाई ही मालकीण आहे. गावपंगतीत शेवटी जेवणारी तीच येथे गल्ल्यावर बसते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाने जे सिद्ध केले, त्याचाच हा एक दूरचा वारसा म्हणता येईल. तरीही फरक नोंदवलाच पाहिजे. जुन्या पंगतीत हक्क होता, पण प्रवेश सर्वांना नव्हता. खानावळीत प्रवेश सर्वांना आहे, पण हक्क कोणाचाच नाही. तेथे बिल आहे. सुधारणेच्या इतिहासाने आपल्याला प्रवेशाची भाषा शिकवली, आणि ती आवश्यकच होती. हक्काची भाषा चरीच्या आणि जासईच्या इतिहासात आहे. आपल्या अभ्यासक्रमांत हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात, म्हणून ताटापाशी आल्यावर आपल्याला त्यांतला एकच दिसतो.

हा हक्क केवळ भूतकाळातला आहे असे समजण्याचे कारण नाही. शेत गेले, मीठ गेले, पण खाडी अजून आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि भरावाने ती आजारी असली, तरी वाशी, सारसोळे, दिवाळे येथील मच्छीमार आजही तीत उतरतात. वाशीजवळ तिसरा खाडीपूल उभारण्याचे काम निघाले, तेव्हा वाशीगावच्या मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेने आपल्या पारंपरिक मासेमारीचे काय, असा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठले. २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांचा परंपरागत हक्क विचारात घेऊन भरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा केला. पूल थांबला नाही. २०२४-२५ मध्ये तो वाहतुकीला खुलाही झाला. मात्र एक तत्त्व कागदावर आले : सातबारा नसलेल्या पाण्यावरही पिढ्यांच्या वहिवाटीने माणसाचा हक्क तयार होतो. चिंबोरीच्या रश्श्याची चव ज्या गोष्टीवर टिकून आहे ती मसाल्याच्या डब्यात नाही; ती या वहिवाटीत आहे.

म्हणून स्थानिक अन्नाच्या सामूहिक भोजनाला जाणाऱ्या सुशिक्षित माणसाने शेजारी कोण बसले आहे हे विचारू नये, ही शंभर-सव्वाशे वर्षांच्या लढ्याची कमाई आहे. ती जपलीच पाहिजे. पण ताटातले कोठून आले, आणि ते पिकवणारे, पकडणारे लोक आता कोठे आहेत, हे अवश्य विचारावे. आपल्या भाषेने मिठाला जागण्याची गोष्ट आपल्याला शिकवली आहे. ते मीठ ज्यांनी पिकवले, त्यांच्या आगरांवर आपली घरे उभी आहेत. जागायचे ते कोणाला, एवढे तरी त्यावरून कळावे.